पाहुणे वर्धा रोडवर, पंचनामे वावरात

२० मार्च २०२३, सोमवार. गुढीपाडवा दोन दिवसांवर आला होता. नागपुरात वर्धा रोडवरच्या रॅडिसन ब्लू हॉटेलात जी-२० च्या ‘सी-२०’ या गटाची पहिली बैठक त्या दिवशी सुरू झाली. विमानतळाकडून शहरात येणाऱ्या रस्त्यालगतच्या भिंती रंगवून झाल्या होत्या, दुभाजकांत फुलझाडं लागली होती, रोषणाई झाली होती. त्याच दिवशी मुंबईत सरकारी कर्मचाऱ्यांच्या समन्वय समितीनं मुख्यमंत्री एकनाथ शिंदे यांच्याशी चर्चा करून, जुन्या पेन्शनसाठी १४ तारखेपासून चालू असलेला संप मागे घेतला. आणि या दोन्ही ठिकाणांपासून लांब, विदर्भ-मराठवाड्याच्या वावरांत, अवकाळी पावसानं नि गारपिटीनं आडवा झालेला गहू आणि हरभरा पंचनाम्याची वाट पाहत पडून होता. पंचनामा करणारा तलाठी आठवडाभर संपावर होता.

पेपरात या तिन्ही बातम्या वेगवेगळ्या पानांवर येतात. पाहुणे शहर पुरवणीत, संप पहिल्या पानावर, गारपीट ग्रामीणच्या पानावर. यवतमाळात बसून वाचणाऱ्याला त्या एकाच बातमीचे तीन तुकडे वाटतात. सरकारकडे माणसं किती आहेत, आणि त्यातली कोणत्या दिवशी कुठं उभी करायची हे कोण ठरवतं, एवढीच ती बातमी.

जी-२० ला कायमचं कार्यालय नाही. संयुक्त राष्ट्रांचं मुख्यालय न्यूयॉर्कला आहे, जागतिक व्यापार संघटनेचं जिनिव्हाला. जी-२० चं कुठंच नाही. १९९९ मध्ये अर्थमंत्र्यांचं मंडळ म्हणून सुरू झालेला आणि २००८ च्या वॉशिंग्टन बैठकीपासून राष्ट्रप्रमुखांचा झालेला हा गट दरवर्षी एका देशाच्या ओसरीवर बसतो. ज्याच्याकडे अध्यक्षपद, त्यानंच कार्यालय थाटायचं, माणसं नेमायची, विषयपत्रिका आखायची, खर्च करायचा आणि वर्ष संपलं की पुढच्याच्या हाती किल्ल्या द्यायच्या. भारताची पाळी खरं तर एक वर्ष आधीची होती. इंडोनेशियाशी अदलाबदल होऊन ती १ डिसेंबर २०२२ ते ३० नोव्हेंबर २०२३ अशी आली.

केंद्रीय मंत्रिमंडळानं १५ फेब्रुवारी २०२२ रोजी जी-२० सचिवालय स्थापन करायला आणि तिथं माणसं नेमायला मंजुरी दिली. सचिवालयाची मुदत ठरली फेब्रुवारी २०२४ पर्यंत. त्यात माणसं कुठून येणार, तेही त्याच निर्णयात होतं: परराष्ट्र मंत्रालय, अर्थ मंत्रालय, संबंधित इतर मंत्रालयं यांचे अधिकारी-कर्मचारी आणि काही विषयतज्ज्ञ. म्हणजे बहुतेक माणसं आहेत त्यांतलीच, एका टेबलावरून उचलून दुसऱ्या टेबलावर बसवलेली. मुख्य समन्वयक झाले निवृत्त परराष्ट्र सचिव हर्षवर्धन शृंगला; शेर्पा, म्हणजे वाटाघाटींतले पंतप्रधानांचे प्रतिनिधी, झाले अमिताभ कांत. भारताच्या परराष्ट्र सेवेत अधिकारी आहेत जेमतेम हजाराच्या घरात, आणि त्यांना जगभरचे दूतावासही चालवायचे असतात. त्या हजारांतून वर्षभराच्या यजमानपदासाठी माणसं काढायची, तर कुठल्या तरी टेबलावर फाइल पडून राहणारच. ती कुठली, हे शिखर परिषदेच्या छायाचित्रात दिसत नाही.

पैशांचं तसं नाही, ते दिसतात. १ फेब्रुवारी २०२३ च्या अर्थसंकल्पात परराष्ट्र मंत्रालयाला मिळालेल्या सुमारे १८,०५० कोटींमध्ये ‘जी-२० अध्यक्षपद’ या नावाखाली ९९० कोटी रुपये होते. एकशे चाळीस कोटींच्या देशात हे माणशी सात रुपये पडतात. २०११ च्या जनगणनेनुसार यवतमाळ जिल्ह्यात २७ लाख ७२ हजार लोक. आपल्या जिल्ह्याच्या वाट्याला साधारण दोन कोटी रुपये येतात. एवढ्यात सोळा तालुक्यांना जगाचं यजमानपद मिळत असेल तर तक्रार करू नये, असंच कुणीही म्हणेल.

पण ९९० कोटी हा आकडा वरच्या थराचा. सप्टेंबर २०२३ मध्ये दिल्लीत शिखर परिषद भरायच्या सुमारास, राजधानीतल्या तयारीवर ४,१०० कोटींहून थोडे जास्त खर्च झाल्याची कागदपत्रं बाहेर आली, आणि मग जुंपली. विरोधक म्हणाले, तरतुदीच्या चौपट उडवले. सरकारनं उत्तर दिलं की त्यातला मोठा हिस्सा प्रगती मैदानावरच्या कायमस्वरूपी बांधकामाचा आहे, तो एका परिषदेच्या नावावर टाकणं चूक. दोघांच्या म्हणण्यात तथ्य होतं. २६ जुलै २०२३ ला उद्घाटन झालेलं, सुमारे २,७०० कोटींचं भारत मंडपम आजही उभं आहे, तिथं आजही प्रदर्शनं भरतात. भांडवली खर्च आणि महसुली खर्च यांतला हा फरक कुठल्याही नगरपालिकेच्या लेखापालाला ठाऊक असतो. परिषदेच्या निमित्तानं सभागृह बांधलं तर सभागृह उरतं. परिषदेच्या निमित्तानं दिल्ली पोलिसांची पन्नास हजारांच्या आसपास माणसं तीन दिवस रस्त्यावर उभी केली, तर चौथ्या दिवशी काय उरतं? काहीच नाही. तो खर्चही नव्यानं कुठं पडत नाही, कारण त्यांचे पगार एरवीही निघणारच होते.

मला अडतं ते इथं. सरकारी हिशेबात माणसाचा वेळ फुकट असतो. एखादा नायब तहसीलदार पंधरा दिवस पाहुण्यांच्या दिमतीला दिला, तर त्याचा पगार मूळ खात्याच्याच बिलातून निघतो. फार तर प्रवासभत्ता नव्या लेखाशीर्षात जातो. त्याच्या टेबलावर पंधरा दिवस न झालेल्या फेरफार नोंदी, न निघालेले दाखले, लांबलेल्या सुनावण्या यांना लेखाशीर्ष नाही. पुरवणी मागण्यांत त्या येत नाहीत. उपयोगिता प्रमाणपत्रात त्यांचा रकाना नसतो. महालेखापालांचे लोक येऊन फुलझाडांची बिलं तपासतील, सुनावणी का पुढे गेली हे विचारणार नाहीत.

भारतानं हे अध्यक्षपद इतर देशांपेक्षा वेगळ्या तऱ्हेनं केलं. दोन-चार मोठ्या शहरांत उरकायच्या ऐवजी साठ शहरांत दोनशेहून अधिक बैठका. महाराष्ट्राच्या वाट्याला चौदा ठरल्या होत्या: मुंबईत आठ, पुण्यात चार, औरंगाबाद आणि नागपूरला एकेक. दिल्लीबाहेरच्या शहरांनाही जग दिसावं, ही कल्पना मला मनापासून आवडते. तिचा परिणाम असा, की दिल्लीचं सचिवालय आमंत्रणं देतं आणि रस्ते झाडण्यापासून रुग्णवाहिका उभी ठेवण्यापर्यंत सगळं स्थानिक महापालिका, पोलीस आयुक्तालय आणि जिल्हाधिकारी कार्यालय करतं. डिसेंबर २०२२ मध्ये मुंबईत विकास कार्यगटाची बैठक झाली तेव्हा झोपडपट्ट्यांसमोर पडदे नि फलक उभे राहिल्याची छायाचित्रं सगळ्यांनी पाहिली. फेब्रुवारीअखेर औरंगाबादेत संध्या पुरेचा यांच्या अध्यक्षतेखालील ‘डब्ल्यू-२०’ ही महिलांच्या गटाची बैठक भरली, ती शहराचं नाव छत्रपती संभाजीनगर करायला केंद्राची मंजुरी येऊन चार दिवसही झाले नसताना. पाट्या रंगवणाऱ्यांची त्या आठवड्यात काय धांदल उडाली असेल, याची कल्पनाच केलेली बरी.

नागपूरला आलेला सी-२० हा सरकारांचा गट नव्हता. जी-२० भोवती जे अकरा सहभाग-गट असतात, त्यांतला हा स्वयंसेवी संस्थांचा. अध्यक्ष माता अमृतानंदमयी. जगातल्या वंचितांचं म्हणणं राष्ट्रप्रमुखांच्या कानावर घालायचं, हे त्याचं घोषित काम. त्याच्या आगमनाआधी, मार्चच्या दुसऱ्या आठवड्यात, नागपूरच्या पोलीस आयुक्तांनी कलम १४४ खाली आदेश काढला आणि चौकाचौकांत भीक मागायला ३० एप्रिलपर्यंत बंदी केली. या आदेशाच्या अंमलबजावणीलाही माणसं लागली असतीलच. भिकाऱ्यांना हटवणाऱ्या पोलिसाचा पगार सी-२० च्या खर्चात धरायचा की कायदा-सुव्यवस्थेच्या?

यवतमाळचं नागपूरशी नातं विचित्र आहे. महसुली विभाग आमचा अमरावती. पण मोठं दुखणं आलं की नागपूरचं मेडिकल, खटला वर गेला की नागपूर खंडपीठ, विमान धरायचं तर नागपूर. दीडशे किलोमीटर. म्हणून नागपूरच्या पाहुणचाराची झळ आमच्यापर्यंत येते, आणि तिची सवयही जुनी आहे. दर हिवाळ्यात विधिमंडळाचं अधिवेशन नागपूरला भरतं. १९५३ च्या नागपूर करारातलं ते वचन. विदर्भ महाराष्ट्रात आला त्याची ही वार्षिक पोच. फिरत्या राजधानीचा एवढा मोठा आणि एवढा नियमित प्रयोग देशात थोड्याच ठिकाणी चालतो. मंत्रालयाचे कर्मचारी फायलींच्या गठ्ठ्यांसह येतात. रामगिरीवर मुख्यमंत्री, देवगिरीवर उपमुख्यमंत्री, रविभवन आणि नागभवनात मंत्री. सार्वजनिक बांधकाम विभाग दरवर्षी त्याच भिंतींना पुन्हा रंग देतो. कोरोनामुळे दोन वर्षं खंड पडला होता. २०२२ च्या डिसेंबरात अधिवेशन परत नागपूरला आलं, जी-२० चं अध्यक्षपद सुरू झालं त्याच महिन्यात. तेव्हा नागपूरच्या प्रशासनाला ओळीनं दोन पाहुणचार करायचे होते.

अधिवेशनाच्या बंदोबस्ताला बाहेरच्या जिल्ह्यांतून पोलीस बोलावतात. आमच्या ठाण्यांतलेही जातात. मॉरिस कॉलेजच्या टी-पॉइंटवर मोर्चे अडवले जातात, तिथं बॅरिकेडच्या अलीकडे यवतमाळचा शिपाई आणि पलीकडे मानधनवाढीसाठी आलेली यवतमाळची अंगणवाडी सेविका, असा योग जुळून येऊ शकतो. दोघंही आपापलं काम सोडून आलेली. शिपायामागं ठाण्यात एक हजेरी कमी, सेविकेमागं गावात एक अंगणवाडी बंद. अधिवेशनाच्या खर्चाच्या बातम्या दरवर्षी छापून येतात, पण मंडप, रंगरंगोटी, वाहनं यांच्यापलीकडे त्या जात नाहीत.

जिल्ह्यानं स्वतः यजमान होऊनही पाहिलं आहे. पंतप्रधान १६ फेब्रुवारी २०१९ ला पांढरकवड्याला आले, २८ फेब्रुवारी २०२४ ला यवतमाळजवळ भारी इथं आले. दोन्ही वेळा बचत गटांच्या महिलांचे मेळावे होते. दुसऱ्या खेपेला पीएम-किसानचा सोळावा हप्ता, देशभरासाठी एकवीस हजार कोटींहून अधिक, आमच्याच मातीवरून सुटला, आणि वर्धा-कळंब रेल्वेमार्गही त्याच दिवशी सुरू झाला. अशा दौऱ्याची तयारी ज्यानं जवळून पाहिली आहे, त्याला जी-२० चं गणित वेगळं समजवावं लागत नाही. हेलिपॅडला एक नोडल अधिकारी, पार्किंगला एक, पाण्याच्या टँकरला एक, फिरत्या शौचालयांना एक, वैद्यकीय पथकाला एक. जेवण तपासायला अन्न व औषध प्रशासनाचा माणूस. राखीव रक्तगट, राखीव खोली, राखीव रस्ता. सुरक्षेच्या सूचनांचं ‘ब्लू बुक’ बोलतं आणि जिल्हा हलतो. प्रत्येक नोडल अधिकाऱ्याचं मूळ पद दुसरंच असतं, त्याखाली बऱ्याचदा आणखी एका रिक्त पदाचा अतिरिक्त प्रभार, आणि त्यावर हा तिसरा भार. आपल्याकडे पाहुणचाराला नवीन माणूस क्वचितच नेमतात. आहे त्याच्या खांद्यावर आणखी एक पाटी चढवतात.

आणखी एक फिरतं अध्यक्षपद जिल्ह्यानं पाहिलं, ते आपल्या भाषेचं. अखिल भारतीय मराठी साहित्य महामंडळाचं कार्यालय दर तीन वर्षांनी पुणे, मुंबई, नागपूर आणि छत्रपती संभाजीनगर इथल्या घटक संस्थांकडे फिरतं. संमेलन तर दरवर्षी गाव बदलतं. १९७३ मध्ये ग. दि. माडगूळकरांच्या अध्यक्षतेखाली ते यवतमाळला भरलं होतं. त्यानंतर थेट ११ ते १३ जानेवारी २०१९ ला ब्याण्णवावं संमेलन आलं, अध्यक्ष अरुणा ढेरे. सरकारचं अनुदान होतं पन्नास लाख. बाकीचं स्थानिक आयोजकांनी उभं करायचं. महामंडळ तेव्हा नागपूरला, म्हणजे विदर्भ साहित्य संघाकडे होतं. पुढं काय झालं ते सर्वांना माहीत आहे. उद्घाटक म्हणून लेखिका नयनतारा सहगल यांना बोलावलं, विरोधाच्या धमक्या आल्या, निमंत्रण मागं घेतलं गेलं, महामंडळाचे अध्यक्ष श्रीपाद जोशी यांनी राजीनामा दिला. अखेर कळंब तालुक्यातल्या राजूरच्या वैशाली येडे यांनी उद्घाटन केलं. शेतकरी नवऱ्याच्या आत्महत्येनंतर मुलांना वाढवणाऱ्या त्या बाईचं भाषण लोकांच्या लक्षात राहिलं.

तेव्हा चर्चा सगळी आविष्कारस्वातंत्र्याची झाली, आणि ती व्हायलाच हवी होती. मला त्यात यजमानपदाचंही एक दुखणं दिसतं. निमंत्रण कोण देतो, ते मागं घ्यायला कोण सांगतो, गोंधळ झाला तर बंदोबस्त कोण पुरवतो आणि खापर कोणावर फुटतं, हे चार वेगळे लोक होते. महामंडळ एकीकडे, आयोजक दुसरीकडे, सरकार तिसरीकडे, पोलीस चौथीकडे. फिरत्या अध्यक्षपदात अधिकार आणि राबणारे हात एका ठिकाणी नसतात. जी-२० च्या नागपूर बैठकीतही पाहुण्यांची यादी दिल्लीची आणि पायघड्या नागपूरच्या होत्या. तिथं पाहुणे विनाविघ्न येऊन गेले, एवढाच फरक.

युरोपीय संघाच्या परिषदेचं अध्यक्षपदही फिरतं असतं, दर सहा महिन्यांनी. जानेवारी ते जून २०१७ या काळात ते माल्टाकडे होतं. माल्टाची लोकसंख्या तेव्हा साडेचार लाखांच्या आसपास, म्हणजे यवतमाळ जिल्ह्याचा सहावा हिस्सा. एवढ्याशा बेटानं दीडशेहून अधिक कार्यगटांच्या बैठकांत यजमानाची खुर्ची सांभाळली. त्यांना हे जमलं त्याची दोन कारणं सांगता येतात. ब्रुसेल्सला कायमचं सचिवालय आहे, त्यामुळे कागद सांभाळायला तिथं माणसं बसलेलीच असतात. दुसरं, पाळी कधी येणार हे अनेक वर्षं आधी ठरलेलं असतं, म्हणून सरकारं त्या काळापुरती माणसं आधीच भरतात, शिकवून तयार करतात, आणि त्यांचा खर्च अध्यक्षपदाच्या नावावर दाखवतात. जुलै २०२६ पासून आयर्लंडची पाळी. तिथंही लोकप्रतिनिधी विचारतात ते हेच, की किती पदं, किती काळासाठी, कुठल्या पैशांतून. आपल्या विधिमंडळात किंवा संसदेत जी-२० वर पुष्कळ भाषणं झाली. किती मनुष्यदिवस कुठल्या खात्यातून गेले, हा प्रश्न त्यात कुठं दिसला नाही.

आता त्या मार्च महिन्याकडे परत जाऊ, कारण खरा हिशेब तिथं मांडून ठेवलेला आहे.

१ नोव्हेंबर २००५ पासून राज्याच्या सेवेत आलेल्यांना जुनी पेन्शन नव्हती. ‘एकच मिशन, जुनी पेन्शन’ ही घोषणा घेऊन १४ मार्चला सतरा-अठरा लाख कर्मचारी आणि शिक्षक संपावर गेले. सरकारनं निवृत्त सनदी अधिकाऱ्यांची तीन जणांची समिती नेमली. तहसीलमध्ये शुकशुकाट, जिल्हा परिषदेच्या शाळांना कुलपं, सरकारी रुग्णालयांत परिचारिका बाहेर. आणि १५ तारखेनंतर आभाळ फाटलं. गारपिटीत पीक गेलं की मदतीसाठी पंचनामा लागतो. तलाठी, कृषी सहायक आणि ग्रामसेवक यांनी मिळून तो करायचा. नुकसान तेहतीस टक्के किंवा जास्त भरलं तरच मदत. विमा उतरवला असेल तर तेव्हा बहात्तर तासांत कंपनीला कळवावं लागे, तेही शेतकऱ्यानंच. कापणीला आलेला गहू भिजला की दाणा काळा पडतो, आणि शेतकरी तो फार दिवस आडवा ठेवत नाही. पुढची तयारी असते, मजूर सापडलेले असतात, तो उचलतो. उचलला की नुकसान दाखवायचं कशात? विरोधकांनी विधिमंडळात हा प्रश्न काढला. पंचनामे होतील असं सरकारनं सांगितलं. पण करणारे तिघंही संपावर होते.

त्या आठवड्यात नागपूरचं काम अडलं नाही. रस्ते झाडले गेले, रोपं लागली, दिवे पेटले. यात कुणाचा कट नव्हता. महापालिकेची कामं बरीचशी कंत्राटदारांकडे असतात आणि कंत्राटी कामगाराला संपाची चैन परवडत नाही. पोलीस संप करत नाहीत. शिवाय पाहुण्यांची तारीख ठरलेली असते, गारपिटीची नसते. सरकारी यंत्रणा तारखेला जागते. तारीख दिली की अशक्य कामं होतात, मग ती निवडणूक असो, अधिवेशन असो की परिषद. वावरातल्या पंचनाम्याला तारीख नाही, म्हणून त्याला माणूस नाही. संप नसता तरी फार वेगळं झालं असतं असं मला वाटत नाही, कारण एका तलाठ्याकडे एक साझा आणि साझ्यात अनेक गावं. त्यात शेजारच्या रिकाम्या साझ्याचाही प्रभार असला, तर गार पडल्यावर पहिल्या दिवशी तो कुठल्या गावी जाणार?

रिकाम्या साझ्यांचा आकडाही त्याच वर्षी जगापुढं आला. जून २०२३ मध्ये राज्यानं तलाठ्याच्या साडेचार हजारांहून जास्त, नेमक्या सांगायच्या तर ४,६४४ जागांची जाहिरात काढली. अर्ज आले दहा लाखांच्या वर. शुल्क खुल्या वर्गाला हजार रुपये, राखीव वर्गाला नऊशे. परीक्षा चालली १७ ऑगस्ट ते १४ सप्टेंबर. दिल्लीत ९ आणि १० सप्टेंबरला भारत मंडपममध्ये जगाचे नेते बसले होते, आफ्रिकी संघाला कायम सदस्यत्व मिळत होतं, त्याच आठवड्यांत महाराष्ट्राची पोरं संगणक केंद्रांबाहेर ओळखपत्रं हातात धरून उभी होती. दहा लाख अर्ज गुणिले नऊशे-हजार हा हिशेब शंभर कोटींच्या आसपास जातो. ९९० कोटींच्या त्या तरतुदीशी ताडून पाहिलं, तर तलाठी व्हायची आशा धरलेल्या पोरांनी देशाच्या यजमानपदाच्या दहाव्या हिश्शाएवढी रक्कम नुसत्या शुल्कात मोजली. ही दोन्ही खाती वेगळी आहेत, एकाचा दुसऱ्याशी संबंध नाही, हे मलाही कळतं. तरी आकडे शेजारी लिहिले की नजर हटत नाही. (पुढच्या वर्षी तलाठ्याचं नाव ग्राम महसूल अधिकारी झालं. साझा तेवढाच राहिला.)

जनभागीदारी हा अध्यक्षपदाचा आणखी एक भाग होता, आणि तो थेट आमच्या जिल्हा परिषद शाळांपर्यंत पोचणार होता. शिक्षण कार्यगटाची बैठक आणि शिक्षणमंत्र्यांची परिषद जूनच्या तिसऱ्या आठवड्यात पुण्यात होती. विषय होता पायाभूत साक्षरता आणि संख्याज्ञान. अतिशय योग्य विषय. त्यासाठी देशभरच्या शाळांत जूनच्या पहिल्या पंधरवड्यात उपक्रम घ्यायचे ठरले. जूनचा पहिला पंधरवडा म्हणजे विदर्भात भर उन्हाळा. आमच्या शाळा महिनाअखेरीला उघडतात, कारण त्याआधी पत्र्याखाली मुलं बसवता येत नाहीत. दिल्लीच्या दिनदर्शिकेत हे नसतं. परिपत्रक निघताना पांढरकवड्याचं तापमान कुणी पाहत नाही.

याचा अर्थ यजमानपद नको, असा कुणी काढू नये. नागपूरच्या बैठकीसाठी झालेली काही कामं टिकली असतील, शहराला परदेशी पाहुणे हाताळायचा सराव मिळाला असेल, जगाच्या सभेत आपल्या देशाचं वजन वाढलं असेल. दिल्लीच्या शिखर परिषदेत युक्रेन युद्ध ऐन भरात असताना सगळ्यांच्या सहमतीचं घोषणापत्र निघालं, ही लहान गोष्ट नव्हती. दोनशे बैठका एका वर्षात तडीस नेणाऱ्या प्रशासनाला कामचुकार म्हणता येणार नाही. तेच प्रशासन आठ दिवसांत पंचनामे करू शकतं, हे त्यातूनच सिद्ध होतं.

१ जानेवारी २०२६ पासून ब्रिक्सचं अध्यक्षपद भारताकडे आलं. पुन्हा बैठका, पुन्हा शहरांच्या याद्या, पुन्हा सचिवालयात प्रतिनियुक्त्या. दर डिसेंबरात नागपूरचं अधिवेशन असतंच. सप्टेंबर २०२५ मध्ये मराठवाडा नि विदर्भात अतिवृष्टी झाली, कपाशी आणि सोयाबीन पाण्यात गेलं, आणि पंचनाम्यांचं काम पुन्हा त्याच तिघांवर आलं. अशा एखाद्या यादीत नागपूरचं नाव आलं, तर आजूबाजूच्या जिल्ह्यांना अधिकारी-कर्मचारी पाठवण्याचे आदेश निघतील. त्या आदेशाच्या नमुन्यात आज अनुक्रमांक, नाव, पदनाम, भ्रमणध्वनी असे रकाने असतात. मूळ जागी त्या काळात कोण काम पाहील आणि कोणती कामं थांबतील, असे आणखी दोन रकाने त्यात छापता येतील. नमुना बदलायला मंत्रिमंडळाचा निर्णय लागत नाही. जिल्हाधिकाऱ्यांच्या सहीनं भागतं.